किती भरले ते नको, किती उरले ते लिहा

इचलकरंजीतल्या एका नागरी सहकारी बँकेच्या कर्ज विभागात मी ३१ वर्षं नोकरी केली. कर्ज, हप्ते आणि बचत यांबद्दलच्या वाचकांच्या प्रश्नांना या सदरात उत्तरं देते. या महिन्यात चार पत्रं घेतली आहेत. पहिलं पत्र सविस्तर आहे, म्हणून उत्तरालाही जागा जास्त दिली आहे.

प्रश्न : नमस्कार मॅडम. मी ३४ वर्षांची, नाशिकला एका खासगी दवाखान्यात नर्स आहे. मिस्टर सातपूरला कारखान्यात आहेत. दोघांचे मिळून ४६,००० हातात येतात. घरभाडं ९,०००, मुलं दोन. दीड वर्षापूर्वी सासऱ्यांचं मोठं आजारपण झालं. तेव्हा २ लाखांचं वैयक्तिक कर्ज काढलं, १६ टक्क्यांनी ४ वर्षांसाठी, हप्ता ५,६६८. माझ्या पाटल्या तारण ठेवून १,१०,००० घेतले. त्याचे महिन्याला १,००८ भरतो, वर्ष झाल्यावर एकदा नूतनीकरण केलं. रात्रपाळीसाठी स्कूटर घेतली, कर्ज ९०,०००, १० टक्के फ्लॅट, ३ वर्षं, हप्ता ३,२५०. क्रेडिट कार्डावर तेव्हा ६१,००० होते. मिनिमम न चुकता भरते, या महिन्यात ३,४०० भरले, तरी आज ६८,००० दाखवतंय. महिनाअखेरीला किराणा कधीकधी त्यावरच होतो. भावाचे ४०,००० हातउसने आहेत. शिवाय बारा जणींची २,००० ची भिशी आहे, ७ हप्ते भरलेत, माझा नंबर अजून लागलेला नाही. मॅडम, दीड वर्षात एकही हप्ता चुकवलेला नाही. पण आपण जागच्या जागी आहोत असंच वाटतं. मोबाईलमध्ये हिशेबाचं ॲप घेतलं, एक्सेलमध्ये तक्ता केला, दोन महिन्यांत दोन्ही सुटलं. यांच्याशी बोलायला गेलं की चिडतात. आपण पुढे चाललोय की नाही, हे मोजायचं कसं?

उत्तर : ताई, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. त्यात हप्त्यांचे आकडे एकूण एक आहेत. कर्ज किती घेतलं तेही आहे. कार्ड आणि भावाचे पैसे सोडले, तर आज किती बाकी आहे हा आकडा मात्र कुठेच नाही. जागच्या जागी असल्यासारखं वाटतं ते त्यामुळेच. महिन्याला १३,३२६ रुपये घरातून जाताना तुम्हाला दिसतात. त्यानं मुद्दल किती खाली आली, हे कधी डोळ्यांसमोर आलेलंच नाही.

तुमच्या आकड्यांवरून मी बाकी काढली. १८ हप्ते भरून झाले असं धरलं आहे. वैयक्तिक कर्जाची बाकी साधारण १,३९,४०० उरते. स्कूटरची ५१,००० च्या आसपास. सोनेतारण १,१०,०००, जसंच्या तसं. कार्ड ६८,०००, भाऊ ४०,०००. एकूण देणं ४,०८,४००. दीड वर्षापूर्वी हेच देणं ५,०१,००० होतं. म्हणजे ९२,६०० रुपयांनी तुम्ही खाली आला आहात. भाड्याच्या घरात, दोन मुलं सांभाळून, रात्रपाळ्या करून तुम्ही दोघांनी हे केलं आहे. हा आकडा आधी मिस्टरांना दाखवा, बाकीचं बोलणं त्यानंतर.

आता दुसरी बाजू. या दीड वर्षात तुम्ही भरलेत जवळपास २,४०,०००. देणं कमी झालं ९२,६०० नं. उरलेले कुठे गेले? व्याजात, व्याजावरच्या करात आणि कार्डावरच्या नव्या किराण्यात. हे खात्याखात्याप्रमाणे बघायला हवं, कारण प्रत्येक खातं वेगळं वागतं.

कार्ड बघा. महिना साडेतीन टक्के व्याज धरलं तर ६८,००० वर २,३८० होतात. त्यावर १८ टक्के जीएसटी, ४२८. म्हणजे २,८०८ नुसते व्याजापोटी गेले. तुमच्या ३,४०० पैकी मुद्दलाला लागले ५९२. त्याच महिन्यात ७००-८०० चा किराणा कार्डावर झाला, की बाकी वर चढली. शिवाय मागची बाकी पूर्ण फेडलेली नसेल तर नव्या खरेदीला बिनव्याजी दिवस मिळत नाहीत, खरेदीच्या दिवसापासून व्याज सुरू होतं. तुम्ही काही चुकवलेलं नाही. मिनिमम भरल्यानं खातं थकीत होत नाही, एवढाच त्याचा उपयोग. कर्ज फेडायला ती रक्कम पुरत नाही.

सोनेतारणात तुम्ही भरताय ते निव्वळ व्याज. १,१०,००० वर ११ टक्क्यांनी महिन्याचे १,००८ च होतात. दहा वर्षं असेच भरत राहिलात तरी मुद्दल १,१०,००० च राहील. मुद्दलात मधूनमधून हजार-दोन हजार जमा करून घेता का, असं त्यांना विचारा. घेत असतील तर पावतीवर ‘मुद्दल’ असं लिहून घ्या. नूतनीकरणाची तारीखही वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहा. ती चुकली की लिलावाची नोटीस येते. कामाच्या धबडग्यात तारीख विसरलेल्या बायका मी काउंटरवर रडताना पाहिल्या आहेत.

स्कूटरच्या ‘१० टक्के फ्लॅट’चं एकदा सांगून ठेवते. फ्लॅट म्हणजे तुम्ही निम्मं कर्ज फेडलंत तरी व्याज मूळ ९०,००० वरच धरलेलं. घटत्या बाकीवर हिशेब केला तर ते १८ टक्क्यांच्या घरात जातं. यापुढे कुणीही व्याजाचा दर सांगितला, की ‘फ्लॅट की घटत्या बाकीवर?’ हा पहिला प्रश्न विचारा.

आता मोजायचं कसं ते. ॲप आणि एक्सेल सुटलं याचं वाईट वाटून घेऊ नका. त्यात तुम्ही रोजचा खर्च लिहीत होतात, असा माझा अंदाज आहे. बारा तास उभं राहून घरी आल्यावर दुधाचे ३० आणि रिक्षाचे ४० कोण लिहिणार? कर्ज फेडताना रोज लिहायची गरजही नसते. महिन्यातून एकदा, एक पान. मुलांची शंभर पानी वही घ्या. पगार झाला, हप्ते कापले गेले, की तारीख ठरवा. आमच्या घरी ७ तारीख होती. त्या दिवशी पाचही खात्यांची त्या दिवसाची बाकी लिहायची. वैयक्तिक कर्जाचा आणि स्कूटरचा खातेउतारा मागवा, त्यात हप्त्यामागं मुद्दल किती आणि व्याज किती हे दिलेलं असतं. खाली बेरीज. समोर जमा बाजू, म्हणजे बचत असेल ती. आणि सगळ्यात खाली एक ओळ, आकडा का हलला याची. ‘स्कूटरचा टायर बदलला’, ‘यांना बोनस’, एवढं पुरे.

भिशी जमा बाजूला येते हे लक्षात ठेवा. नंबर लागेपर्यंत तुम्ही भरलेले १४,००० तुमचं येणं आहे. नंबर लागून २४,००० हातात आले, की पुढचे राहिलेले हप्ते देण्याच्या बाजूला जातात. भिशी उचलली म्हणून माणूस श्रीमंत होत नाही, पण त्या दिवशी घरात तसं वाटतं खरं, आणि पैसे फ्रीजमध्ये नाहीतर साडीत जातात. तुमची भिशी उचलली की ती त्याच दिवशी कार्डावर भरा. बाकी ४४,००० वर येईल. मग व्याज आणि कर मिळून १,८१७ च लागतील आणि त्याच ३,४०० तून १,५८३ मुद्दलाला जातील. बिलावर मिनिमम कमी छापून येईल, पण तुमचे ३,४०० कमी करू नका. कार्ड तोवर घरात कपाटात ठेवा, पर्समध्ये नको. बँकेला फोन करून उरलेली बाकी कमी व्याजाच्या हप्त्यांत बदलून मिळते का, हेही विचारा.

आता थोडं माझ्याबद्दल, कारण ही वही मी बँकेत शिकले नाही. आमचे आठ माग होते, मिस्टर ते चालवत. २००२ साली धंदा बसला. सुताची उधारी, शेडचं भाडं, नातेवाइकांचे पैसे, सगळं मिळून ४,१२,००० चं देणं डोक्यावर आलं. दिवसभर मी लोकांची कर्जखाती बघायची आणि घरी आल्यावर आमच्या पावत्या एका वहीत चिकटवायची. २००३ चं अख्खं वर्ष मी फक्त भरलेले पैसे लिहिले. वही जाड होत गेली आणि जीव थकत गेला. जानेवारी २००४ मध्ये एका रात्री बसून बाकी काढली, ३,७४,०००. वर्षभर ओढून ३८,००० कमी झाले होते. आकडा लहान होता, पण खरा होता. त्या रात्री मला नीट झोप लागली.

त्याच वर्षी मे महिन्यात सासूबाई न्हाणीत पडल्या, खुबा मोडला. आकडा ३१,००० नं वर गेला. ते पान लिहायला माझा हात उचलेना. मिस्टरांनी वही ओढून घेतली आणि त्यांच्या अक्षरात लिहिलं, ‘आईचं ऑपरेशन. ३१,०००. आई चालायला लागली.’ तोपर्यंत त्या वहीला त्यांनी हात लावला नव्हता. पुढचं प्रत्येक पान आम्ही दोघांनी लिहिलं. ऑक्टोबर २००९ मध्ये बेरजेच्या जागी शून्य आलं. ती वही अजून माझ्याकडे आहे. सगळ्यात जास्त वेळा उघडलं जातं ते मेचं पान.

म्हणून सांगते, आकडा वर गेला त्या महिन्याचं पान गाळू नका. ते गाळलंत की वही सुटलीच म्हणून समजा. आणि मिस्टर चिडतात ना, त्यांना हिशेब विचारू नका. ७ तारखेला त्यांच्या हातात पेन द्या आणि तुम्ही आकडे सांगा.

भावाचं राहिलं. त्याला व्याज नाही, म्हणून गणितानं त्याचा नंबर शेवटी लागतो. मी तो शेवटी लावणार नाही. महिन्याला ५०० द्या, पण ठरल्या तारखेला द्या आणि बाकी त्यालाही कळवत राहा. बहिणीनं घेतलेले पैसे ती विसरलेली नाही, एवढं त्याला कळलं पाहिजे.

बचत आत्ता करायची का? थोडी करायची. एका महिन्याच्या हप्त्यांइतकी, साधारण १३,५०० रुपये. यूपीआय न जोडलेल्या वेगळ्या बचत खात्यात ठेवा. ती नसेल तर पुढचं आजारपण पुन्हा कार्डावरच जाणार. तेवढी होईपर्यंत महिना ५०० टाका. त्यापुढची बचत कार्ड फिटल्यावर.

कार्डावरची खरेदी थांबली आणि बाकी काहीच बदललं नाही, तरी पुढच्या वर्षी याच महिन्यात तुमची बेरीज ३,१८,००० च्या आसपास यायला हवी. भिशीचे पैसे त्यात धरलेलेच नाहीत. मागच्या १८ महिन्यांत जेवढं उतरलं, जवळजवळ तेवढंच १२ महिन्यांत उतरेल. तेव्हा मला पुन्हा लिहा. मी वाट बघेन.

प्रश्न : चिंचवडला फ्लॅट घेतला, २० लाखांचं गृहकर्ज, ९ टक्के, २० वर्षं. पाच वर्षं हप्ता भरतोय, १७,९९५. परवा उतारा काढला तर बाकी १७,७४,००० ! जवळपास १०,८०,००० भरलेत मी. बँकेनं फसवलंय का?

उत्तर : नाही, दादा. तुमचा आकडा बरोबर आहे. पहिल्या महिन्यात २० लाखांवर ९ टक्क्यांनी १५,००० व्याज झालं, म्हणजे १७,९९५ मधले २,९९५ च मुद्दलाला गेले. पाच वर्षांत मुद्दल २,२६,००० नं उतरली. हा धक्का कर्ज घेतानाच बसला असता तर बरं झालं असतं. मुदतीचा पूर्ण तक्ता तेव्हाच मागून घ्यायला हवा, आणि तो मिळतो.

तुमच्या हातात आता एक गोष्ट आहे. महिना २,००० जास्त भरलेत तर उरलेले १८० हप्ते १४७ वर येतात, म्हणजे पावणेतीन वर्षं वाचतात. फ्लोटिंग, म्हणजे बदलत्या दराच्या गृहकर्जावर मुदतपूर्व फेडीचा दंड लावायला रिझर्व्ह बँकेनं २०१२ पासूनच बँकांना मनाई केली आहे. जादा रक्कम भरताना ‘हप्ता तोच ठेवा, मुदत कमी करा’ असं लेखी द्या. वहीत बाकीशेजारी ‘उरलेले हप्ते’ असा एक रकाना जरूर ठेवा. दर वाढले की बऱ्याचदा हप्ता तोच राहतो आणि मुदत लांबते. हप्ता बदलला नाही म्हणून आपल्या ते लक्षात येत नाही. या रकान्यात लगेच दिसतं.

प्रश्न : मी सांगोल्याचा, शिक्षक. दोन वर्षांपूर्वी एका फायनान्स कंपनीचं कर्ज पूर्ण फेडलं, तडजोड वगैरे काही केली नाही. आता घरासाठी कर्ज मागितलं तर सिबिलमध्ये जुनं कर्ज चालूच दिसतंय म्हणाले.

उत्तर : सर, शेवटच्या हप्त्याची पावती म्हणजे बेबाकी दाखला नव्हे. काहीही देणं उरलेलं नाही असं कंपनीनं लिहून दिलेलं पत्र म्हणजे बेबाकी दाखला. कर्ज फिटलं त्याच आठवड्यात तो मागून घ्यायचा असतो. आता आधी तो मिळवा. मग अहवाल स्वतः बघा. सिबिल, इक्विफॅक्स, एक्सपेरियन आणि सीआरआयएफ हाय मार्क या कर्जांची नोंद ठेवणाऱ्या चारही संस्थांकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट मिळतो. बेबाकी दाखला जोडून संस्थेच्या संकेतस्थळावर तक्रार नोंदवा, त्याची प्रत फायनान्स कंपनीलाही पाठवा. ३० दिवसांत तक्रार मिटली नाही तर त्यापुढच्या दर दिवसाला १०० रुपये भरपाई देण्याचा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, म्हणून तक्रारीचा क्रमांक आणि तारीख जपून ठेवा. दुरुस्त झालेल्या अहवालात ‘क्लोज्ड’ हाच शब्द आहे ना, तेही बघा. ‘सेटल्ड’ लिहिलेलं असेल तर पुन्हा तक्रार करा. तडजोडीनं कमी पैसे घेऊन मिटवलेल्या खात्याला तो शब्द लावतात, आणि पुढचा कर्जदाता त्यावर अडतो.

प्रश्न : माझं वय ६३, कणकवली. काजूच्या बागेचे दरवर्षीचे थोडे थोडे करून साडेसहा लाख साठलेत, सगळे गावच्या पतसंस्थेत. व्याज चांगलं आहे. मुलगा म्हणतो बँकेत ठेव. माणसं ओळखीची आहेत, काढावेसे वाटत नाहीत.

उत्तर : काकू, मुलाचं ऐका. बँक सहकारी असली तरी तिथल्या ठेवींना एका ठेवीदारामागं, एका बँकेत, मुद्दल आणि व्याज मिळून ५ लाखांपर्यंत विमा असतो. ही मर्यादा फेब्रुवारी २०२० पासून आहे, आधी ती १ लाख होती. पतसंस्थेतल्या ठेवींना हा विमा लागू नाही. ओळखीची माणसं चांगली असतील, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण तुमची आयुष्याची साठवण एकाच जागी आहे, आणि या वयात ती पुन्हा उभी करता येणार नाही. मुदत संपेल तशी एकेक पावती काढत जा, म्हणजे व्याज बुडणार नाही. साडेतीन लाख एका बँकेत, अडीच लाख पोस्टात, आणि मन फारच ओढ घेत असेल तर ५० हजार पतसंस्थेत राहू द्या. प्रत्येक पावतीवर वारसाचं नाव लागलंय का, ते मुलाकडून वाचून घ्या. पावत्यांचे क्रमांक एका कागदावर लिहून तो कागद पावत्यांपासून वेगळ्या जागी ठेवा.